त्याच्या पायातली घुंगरं

माझ्या धाकट्या भावाच्या पायात घुंगरं होती आणि माझ्या पायात नव्हती. एवढ्या एका गोष्टीवरून मी माझं दहावं वर्ष जळण्यात घालवलं. लोक म्हणतात, लहानपणी सगळीच भावंडं एकमेकांवर जळतात आणि मोठेपणी ते आठवून हसू येतं. माझी साठी उलटली, भावाला टक्कल पडलं, मला अजून हसू येत नाही. पोटात दुखत असेल तर ओवा खाता येतो. हे दुखणं ओव्याचं नव्हतं.

आमचं घर नागपुरात, इतवारीच्या मागच्या अंगाला, छोट्या रेल्वेलाइनीला लागून असलेल्या वस्तीत होतं. सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. दोन खोल्या, वर कवेलूचं छप्पर, पुढे ओसरी. बाबा मिलमध्ये पाळीवर जायचे आणि आई घरी बिड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली तेंदूची पानं, बाजूला कैची आणि सुताचं रीळ. वाऱ्याने तंबाखू उडते, म्हणून ती दाराकडे पाठ करून बसायची आणि दार अर्धं लोटलेलं असायचं. ओसरीची एक बाजू बांबूच्या तट्ट्याने झाकलेली होती. बाहेरचं तिला काही दिसत नसे. दिसायची गरजही नव्हती, असं निदान माझा भाऊ चालायला लागेपर्यंत आम्हाला वाटत होतं.

तो चालायला लवकर लागला, पण बोलेना. बायका म्हणायच्या, पोट्टे उशिरा बोलतात, पोट्टी आधी बोलते. दिवाळीत शेजारच्या पोरांनी आमच्या दारातच सुतळीबॉम्ब लावला. मी कानात बोटं घातली आणि तो उताणा पडून झोपलेला होता तसाच झोपून राहिला. आई त्याच्याकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवशी तिने त्याच्या पाठीमागे उभं राहून पितळेची परात फरशीवर टाकली. तो वळला नाही. आई परात उचलून घरात गेली आणि त्या दिवशी तिने चूल पेटवली नाही. पुढे मोठ्या दवाखान्यात दाखवलं, तिथे डॉक्टरांनी जे सांगितलं ते परातीने आधीच सांगितलेलं होतं.

आता हे पोरगं अडीच वर्षांचं, पायाला भिंगरी बांधलेली, आणि हाक मारून उपयोग नाही. गल्ली अशी होती की दारातून बाहेर पडलं की आधी शेजारच्या काकूंची फरशी, मग माती, मग नळाचा सिमेंटचा ओटा, मग नालीवर टाकलेला पत्रा. पत्र्यापाशी गल्लीच्या दोन वाटा होत. उजवीकडे सडक, तिथून धान्याचे हातठेले इतवारीच्या बाजारात जात. डावीकडे लाइन आणि रुळांखालची खडी, गिट्टी. छोटी गाडी हळू जायची, वस्ती आली की लांबून शिट्टी द्यायची, आणि त्या शिट्टीवर वस्तीतली सगळी पोरं वाढली होती. आमच्या घरातल्या पोराला शिट्टीचा उपयोग नव्हता. आईच्या मनात ती गिट्टी दिवसरात्र असायची.

पोळा जवळ आला होता. इतवारीत भांड्यांच्या ओळीत बैलांच्या साजाची दुकानं लागली होती. आई मला आणि त्याला घेऊन तिथे गेली. तिने घुंगरं डोळ्यांनी पाहिली नाहीत. एकेक उचलायचं, कानाशी हलवायचं आणि परत ठेवायचं. दुकानदार म्हातारा होता. तो म्हणाला, "अवो बाई, सगळे एकाच पितळेचे हायेत. काय पाहून राहिल्या?" आई म्हणाली, "पाहून नाई, ऐकून राहिली." शेवटी तिने तीन जाड आवाजाची घेतली आणि तीन बारीक आवाजाची. घरी येऊन काळ्या दोऱ्यात ओवली. जाड डाव्या पायात, बारीक उजव्या पायात.

मी विचारलं, "मले?"

"तुले काय करायचे? तुले कान हायेत, तोंड हाये. तुले हाक मारली का तू येते."

हे तिचं म्हणणं बरोबर होतं आणि त्यामुळेच मला जास्त राग आला. ती मला हाक मारायची, पण कशासाठी? पाणी आण, पानं भिजव, त्याला पाहा. मी कुठे आहे हे कळावं म्हणून तिने मला कधी हाक मारली नव्हती.

दोन पायांत दोन आवाज का, ते दोन दिवसांत कळलं. भाऊ डावा पाय आपटत चालायचा. तो चालला की जाड-बारीक, जाड-बारीक असं ऐकू यायचं, पळाला की दोन्ही एकात मिसळायचे, आणि बसून पाय हलवत असला की एकच आवाज येत राही. फरशीवर घुंगरू मोकळं वाजे, मातीत दबून वाजे, पत्र्यावर त्याच्याखाली पत्र्याचाही आवाज येई. आईला बिडीवरची नजर उचलावी लागत नसे. हात बिडीवर, कान गल्लीत. "फरशीवर हाये." "मातीत बसला." "नळावर चालला, कोनाच्या तरी बादलीत हात घालीन." आणि मग, आवाज जरा चढवून, "पत्र्यावर गेला वं, आन त्याले."

आणायला मी. म्हणजे त्या सगळ्या व्यवस्थेत कान आईचे, घुंगरं त्याची आणि पाय माझे. मी सागरगोटे खेळत असेन नाहीतर अभ्यास करत असेन, पत्रा वाजला की उठायचं. कधी मी पोचायच्या आत तो आपणच परत फिरलेला असे, आणि आईला तेही कळलेलं असे. "राहू दे, आला तो." मी अर्ध्या वाटेवर उभी. माझं धावणं वाया गेलं, याची दखल घ्यायला कुणी नसे.

आता माझी लेक शहराच्या कडेला, बेसाला राहते. ती फोनवर बोट ठेवून मला दाखवते, नातवाची शाळेची बस कुठे आहे ते. एक निळा ठिपका रस्त्यावरून सरकतो. "आई, पाहा, किती सोय झाली." मी म्हणते, हो बाई. मनात म्हणते, माझ्या आईकडे हे तीन तीन घुंगरांत होतं. तुझा ठिपका सांगत नाही की पोरगं चालतंय की आपटतंय की उगाच पाय हलवत बसलंय.

वस्तीतल्या बायकांना तिच्या कानाचं फार कौतुक. दुपारी काम आटोपलं की काकू भावाला उचलून कुठेतरी नेऊन सोडायच्या आणि ओरडून विचारायच्या, "सांगा आता, कुठी हाये तुमचा पोट्टा?" आई आतून सांगायची. कधी चुकायची नाही. बायका हसायच्या, "बाप्पा, हे तं भारीच हाये." एकदा मी पण जाऊन पत्र्यावर उभी राहिले आणि पाय आपटले. काकूंनी विचारलं, "आन आता कोन हाये?" आईने सांगितलं, "असंन कोनी तरी."

त्या दिवसापासून मी त्याच्या घुंगरांचा अभ्यास सुरू केला. शाळेतला पाढा मला पाठ होत नसे, पण डोळे मिटून मी सांगू शकत होते की तो फरशीच्या कुठल्या टोकाला आहे, हातात काही आहे की हात रिकामे आहेत. हातात जड काही असलं की त्याचा उजवा पाय घसटायचा. हे आईलाही माहीत नव्हतं. मी ते तिला सांगितलं नाही. माझ्याकडे एवढी एकच गोष्ट तिच्यापेक्षा जास्त होती आणि ती मला ठेवायची होती.

मग दसरा आला. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाणं आमच्या घरात चुकलं नव्हतं. गावोगावची माणसं भाकरी बांधून, डोक्यावर गाठोडी घेऊन आलेली. तिथे घुंगरांचा काही उपयोग नव्हता, भोंगे वाजत होते. म्हणून आईने भावाचं मनगट पदराच्या टोकाला गाठ मारून बांधलं. मी मागे. माझा हात कुणाच्या हातात नव्हता. थोडं चालल्यावर मी मुद्दाम थांबले. आई किती वेळाने वळते ते पाहायचं होतं. पदर पुढे गेला, भावाचं डोकं पुढे गेलं, मग मध्ये माणसंच माणसं आली.

मला परतीची वाट पाठ होती. तरी मी हरवलेल्या मुलांच्या मंडपात गेले आणि तिथल्या स्वयंसेवकाला सांगितलं की मी हरवले. तो बिचारा फार चांगला होता. त्याने मला मुरमुरे दिले. रडत होते ती लहान पोरं, मी त्यांच्यात ताठ बसले होते. मग भोंग्यातून माझं नाव आलं. वडिलांचं नाव, वस्तीचं नाव, अंगात लाल फ्रॉक, दोन वेण्या. एवढ्या लोकांच्या डोक्यांवरून माझं नाव गेलं. एकदा, मग पुन्हा, मग तिसऱ्यांदा. ते ऐकून मला फार गोड वाटलं, खोटं कशाला बोलू.

घ्यायला बाबा आले. आई एका झाडाखाली बसून भावाला भाकरी भरवत होती. मला पाहून म्हणाली, "आली का? मले वाटलं तू बापासंगं हाये."

"भोंग्यातून माहं नाव घेतलं ना."

"घेतलं असंन. तुह्या नावाच्या किती पोरी असतीन इथं." आणि तिने भाकरीचा एक तुकडा मलाही दिला.

तो तुकडा मी खाल्ला. भूक लागली होती. पण त्या दिवशी माझ्या मनात जे शिजलं ते थंडीपर्यंत शिजत राहिलं.

थंडीतली एक दुपार. बाबा पाळीवर. आईला संध्याकाळपर्यंत बिड्या पुऱ्या करून कारखान्यात पोचवायच्या होत्या, म्हणून ती वर पाहत नव्हती. तिने भावाला ऊन पाण्याने आंघोळ घातली होती. ओल्या दोऱ्याने पाय सोलतात, म्हणून आंघोळीच्या वेळी घुंगरं काढून खुंटीला लावायची आणि पाय कोरडे झाले की बांधायची, असा नेम होता. त्या दिवशी सूप मांडीवर घेताना ती मला म्हणाली, "बांध वं त्याले."

मी खुंटीवरून घुंगरं मुठीत आवळून घेतली आणि त्याला घेऊन बाहेर आले. काकूंच्या फरशीवर त्याला बसवलं. समोर डब्याचं एक झाकण दिलं, ते फिरवायला त्याला फार आवडायचं. काकू घरात नव्हत्या. मी खाली बसले आणि घुंगरं माझ्या पायात बांधली. जाड डाव्या पायात, बारीक उजव्या पायात. दोरा त्याच्या मापाचा, माझ्या घोट्याला जेमतेम पुरला. मी ओढून ओढून दोन दोन गाठी मारल्या. मग उठून त्याच्यासारखी चालले. बारकी पावलं, डावा पाय आपटून.

फरशी सोडून मी मातीत आले आणि घराला वळसा घालून ओसरीच्या तट्ट्यामागे गेले. तट्ट्यात एक फट होती. तिच्यातून आईची पाठ दिसत होती. मला पाहायचं होतं की ती मान हलवते का, कान टवकारते का. आणि मग मला तिचं बोलणं ऐकू आलं.

आई बोलत होती. बिडी वळता वळता, स्वतःशी बोलावं तसं, अगदी हळू. "मातीत आला का? खेळ, मातीत खेळ बापा. तिकडं नोको जाऊ." मी गप्प उभी राहिले. ती थांबली. मी डावा पाय आपटला. "हां. हाये. आपट, आपट माह्या वाघा, मले ऐकू येऊ दे."

घुंगरं वाजली की आई त्यांच्याशी बोलते हे मला माहीतच नव्हतं. माहीत होणार कसं? ती वाजत तेव्हा मी नेहमी बाहेर, त्याच्या मागे. त्याला तर कधीच ऐकू येणार नव्हतं. म्हणजे हे सगळं बोलणं गेले कित्येक महिने वायाच जात होतं, आणि मला त्यातला एक शब्द मिळाला नव्हता.

मी हावरटासारखी पाय आपटू लागले. ती बोलत राहिली. "दमला नाई का अजून? गूळ देईन तुले संध्याकाळी. बापासारखा हट्टी हाये." डोळे मिटले की ते बोलणं माझंच वाटत होतं. वाघ मी, हट्टी मी, गूळ मला. बिड्यांचा एक कट्टा बांधून व्हावा इतका वेळ मी तिथे होते. एकदा ती हसली सुद्धा. बिड्या वळताना हसलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

मग ती म्हणाली, "बहीन हाये जवळ. मंग मले काय भेव."

माझे पाय थांबले. मी वळून पाहिलं. तट्ट्याच्या कोपऱ्यावरून काकूंची फरशी दिसत होती. फरशीवर डब्याचं झाकण पडलं होतं. भाऊ नव्हता.

मी विचार केला असता तर आधी घुंगरं काढली असती. मी विचार केला नाही. लाइन एवढंच डोक्यात आलं आणि मी पळाले. फरशी, माती, नळाचा ओटा. पत्रा माझ्या पायाखाली असा वाजला की भावाच्या पायाखाली कधी वाजला नसेल. मी डावीकडे वळले आणि गिट्टीवर चढले. आईने हे सगळं ऐकलं. घुंगरं पळत गिट्टीवर गेली, एवढंच तिला ऐकू आलं. मागे सूप आपटल्याचा आवाज झाला आणि दार भिंतीवर आदळलं. ती अनवाणी आली, पदर खाली, हाताला तंबाखू. तिला मी दिसले. तिची नजर माझ्या आजूबाजूला, रुळांवर, पलीकडच्या बाभळींत फिरली आणि शेवटी माझ्या पायांवर आली.

"तो कुठी हाये?" तिने विचारलं.

मला तोंड होतं, पण त्या वेळी त्याचा उपयोग झाला नाही.

लाइन दोन्हीकडे रिकामी होती. आई एकदा इकडे, एकदा तिकडे पाहत होती. मग ती मला तिथेच सोडून मागे धावली, आणि मी तिच्या मागे. पायात घुंगरं वाजत होती. बायका बाहेर आल्या. कुणी नळामागे पाहिलं, कुणी नालीत वाकून पाहिलं, कुणी भावाच्या नावाने हाका मारू लागलं आणि मग त्याला ऐकू येत नाही ते आठवून थांबलं. आई पत्र्यावर उभी राहिली. म्हणाली, "चूप राहा सगळे."

सगळी वस्ती गप्प झाली. नळ चालू होता, तो कुणीतरी बंद केला. आई मान तिरकी करून ऐकत होती. जे तिला ऐकू यायला हवं होतं ते माझ्या पायात होतं.

मी खाली बसून गाठी सोडू लागले. गाठी घट्ट बसल्या होत्या. दोरा ओढला की घुंगरू वाजे. पहिल्यांदा वाजलं तशी आई गर्रकन माझ्याकडे वळली. मी आहे हे तिने पाहिलं आणि परत मान फिरवली. दुसऱ्यांदा वाजलं, पुन्हा वळली. तिला माहीत होतं, मीच आहे. तरी तिची मान वळायची. पोळ्यापासून मला हेच हवं होतं. मी हलले की आईने वळून पाहावं. मी दोन्ही घोटे दोन हातांनी गच्च धरले आणि श्वास रोखून बसून राहिले. मग काकू आल्या, त्यांनी आईच्या सुपाजवळची कैची आणली आणि दोरे कापून टाकले.

काही माणसं लाइनीने दूरपर्यंत गेली. मी सगळ्यांना गिट्टीवर नेलं होतं, म्हणून सगळे तिकडेच शोधत होते. उजवीकडे सडकेवर जायचं आधी कुणाच्या डोक्यात आलं नाही. कुणीतरी बाबांना बोलवायला मिलवर गेलं. आई रुळाच्या कडेला बसली होती आणि गाडीची शिट्टी आली तेव्हा तिने दोन्ही हातांनी आपले कान झाकले. गाडी गेली. रुळावर काही नव्हतं.

दिवे लागायच्या आधी वस्तीतला एक ठेलेवाला सडकेवरून येताना दिसला. ठेला रिकामा होता आणि खांद्यावर माझा भाऊ बसला होता. मुठीत चणे. ठेलेवाला घामाने भिजला होता, बाजारातून धावत आला होता. "माह्या ठेल्यावर पोत्यायमधी झोपला होता, बाई," तो आईला सांगत होता. "बाजारात पोती उचलाले गेलो तं हा निंगाला. कोनाचा पोट्टा, काही समजेना. विचारलं तं बोलत नाई, रडत बी नाई. तुमचा घुंगरवाला पोट्टा मले ठाऊक हाये, पन आज घुंगरूच नोहोतं ना पायात. वळखाले टाइम लागला."

आईने भावाला घेतलं. तो तिच्या तोंडात चणा घालायला लागला.

बाबा आले तेव्हा सगळं निवळलं होतं. त्यांनी विचारलं, "घुंगरं होती ना पायात? मंग कसं झालं?"

मी ओसरीच्या कोपऱ्यात सांडलेली तंबाखू गोळा करत होते. आई माझ्याकडे न पाहता म्हणाली, "दोरा तुटला होता." काकू तिथेच होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला आणि घरी निघून गेल्या. कापलेले दोरे चुलीत गेले. दुसऱ्या दिवशी आईने नवा दोरा वळला, घुंगरं ओवली आणि स्वतःच्या हाताने त्याच्या पायात बांधली. ते काम तिने मला परत कधी सांगितलं नाही. मारलंही नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं.

आठ-दहा दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. मग एका दुपारी मी नळावर भांडी घासत होते. भाऊ फरशीवर होता, घुंगरं फरशीवर वाजत होती, सगळं ठीक होतं. तरी आतून हाक आली. माझ्या नावाने.

"कुठी हाये वं तू?"

"नळावर आहो."

पुढे काही नाही. पाणी आण नाही, त्याला आण नाही. थोड्या वेळाने पुन्हा. "कुठी हाये?" "इथंच आहो." त्या दिवशी पाच-सहा वेळा. दुसऱ्या दिवशीही तसंच. शाळेतून आले की सुरू. मी मागच्या अंगणात असले तरी, आतल्या खोलीत असले तरी. माझ्या लग्नापर्यंत तिची ही सवय गेली नाही.

तिचा माझ्यावरचा भरवसा उडाला होता, म्हणून ती विचारत होती. एवढं न कळण्याइतकी मी लहान नव्हते. ज्या पोरीच्या जवळ असण्यावर ती निर्धास्त बसायची, ती पोरगी आता खरंच जवळ आहे का, हे तिला पुन्हा पुन्हा तपासावं लागत होतं. मला त्याची लाज वाटायची. भाऊ तिच्या-माझ्या मध्ये बसून झाकण फिरवत असायचा. तिची हाक त्याच्या डोक्यावरून माझ्याकडे यायची, माझं उत्तर त्याच्या डोक्यावरून तिच्याकडे जायचं, आणि त्याला यातलं काहीच कळत नसे. ती हाक त्याच्या वाट्याला कधीच येणार नव्हती. ती फक्त माझी होती.

लाज वाटायची, तरी पहिल्या हाकेला मी उत्तर देत नसे. ऐकू आलेलं असायचं. मी हातातलं भांडं खाली ठेवून गप्प बसायचे, ती दुसऱ्यांदा हाक मारेपर्यंत.